तिनाचा दोन

आत्माराम डोर्लेकर बावटा चढवायला निघाला की आधी शर्टाची वरची गुंडी लावायचा. एरवी तो बनियनवरच असायचा. बंदराच्या कचेरीत साहेब आला तरी हात पुसत तसाच समोर उभा राहायचा. पण वरून हुकूम आला, की खुंटीवरचा खाकी शर्ट अंगात, गुंड्या गळ्यापर्यंत आणि पाय अनवाणी. चपला घालून बावट्याच्या दोरीला हात लावायचा नाही हा त्याचा स्वतःचा नियम, सरकारचा नव्हे. मी दुकानातून ओरडायचो, "काय रे आत्माराम, सत्यनारायणाला बसलायस काय?" तो उत्तर द्यायचा नाही. दोरी ओढताना तो कुणाशीच बोलायचा नाही.

माझं दुकान जेटीच्या तोंडाशी आहे. दोर, गळ, शिसं, जाळं तरंगत ठेवणारे बोये, होडीला लावायचा रंग, असला सगळा माल. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंदराची दोन खोल्यांची कचेरी आणि तिच्या अंगणात लोखंडी खांब. त्यामुळे आत्माराम माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला, आणि मी त्याच्या. तो मला शेट म्हणायचा. मी शेट वगैरे काही नाही, पण त्याला म्हणायचं होतं तर म्हणू दे.

बावटा म्हणतात खरं, पण तो कापडाचा नसतो. काळ्या रंगाचे मोठे आकार असतात, ते दोरीनं खांबाच्या टोकाला चढवायचे. प्रत्येक नंबरची मांडणी निराळी. रात्री त्यांच्या जागी दिवे. दर्यात वारा-वादळाची शक्यता असली की हवामानवाल्यांकडून हुकूम येतो, अमुक नंबर लावा, आणि किनाऱ्यावरच्या बंदरांतून तो नंबर लागतो. आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत, त्यावर ढगांची चित्रंसुद्धा फिरतात. तरी आमच्याकडचा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, सकाळी घराबाहेर आला की आधी खांबाकडे बघतो आणि मग आभाळाकडे. मोबाईल सर्वांत शेवटी.

आत्मारामला हे काम त्याच्या आधीच्या माणसानं शिकवलं. कुठला नंबर म्हणजे कुठला आकार, गाठ कशी मारायची, कप्पीला तेल कधी द्यायचं, अंधारात चुकू नये म्हणून आकार कोणत्या क्रमानं भिंतीला लावून ठेवायचे. आत्माराम ते सगळं असं शिकला, की डोळे बांधून सांगितलं असतं तरी त्यानं बरोबर बावटा चढवला असता. हुकूम आला आणि बावटा उशिरा लागला असं एकदाही झालं नाही. भर पावसात, अंगात ताप असताना त्याला खांबापाशी उभा मी पाहिलाय. त्याची बायको विमला छत्री घेऊन मागे उभी. ती बिचारी अलोऱ्याची, धरणाच्या कॉलनीत वाढलेली. समुद्राला ती इतकी भ्यायची की लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी जेटीच्या टोकापर्यंत कधी गेली नव्हती. पण नवऱ्याच्या डोक्यावर छत्री धरायला यायची.

आमच्या बंदरात बावटा हा शब्द हवामानापुरता कधीच राहिला नाही. कुणाच्या घरात वाजलं की दुसऱ्या दिवशी जेटीवर विचारायचे, "काय रे, आज कितीचा?" एक म्हणजे बायकोचं तोंड फुगलंय. दोन म्हणजे भांडी आपटतायत. तीन म्हणजे घरात पाऊल टाकायची सोय नाही. शाळेतली पोरं मास्तरांचा चेहरा बघून वर्गाबाहेरच्यांना बोटं दाखवायची. माझ्याच दुकानात मी गिऱ्हाइकावर खेकसलो तर माझी बायको आतून म्हणायची, "तीन लागला वाटतं." आकडा चढला की राग चढला, आकडा उतरला की राग उतरला. यात कुणी शिकवण्यासारखं काय आहे? कुणी शिकवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

खऱ्या बावट्याचंही आम्ही तसंच धरून चाललो होतो. तीन नंबर आमच्या रोजच्या ओळखीचा. तो लागला की होड्या खाडीत आणायच्या आणि जाळी विणत बसायचं. चार कधीतरी लागायचा, तेव्हा कौलांवर दगड ठेवायचे. एक आणि दोन क्वचित दिसायचे, आणि दिसले तरी आम्हाला ती तिनाचीच पायरी वाटायची, चढतानाची नाहीतर उतरतानाची. गणपतीपुळ्याला निघालेले पर्यटक कधी वाट चुकून आमच्याकडे उतरतात. त्यांतल्या एका बाईनं खांबाचा फोटो काढून आत्मारामला विचारलं होतं, "काका, याचा अर्थ काय हो?" तो म्हणाला, "तीन नंबर." ती म्हणाली, "म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे तीन नंबर." बाई हसली आणि गेली. आम्हीही हसलो.

मृणाली ही आत्मारामची एकुलती एक मुलगी. खाडीपलीकडच्या वाडीत दिली. जावई संदेश आडविरकर, स्वतःची होडी, अंगानं शिडशिडीत, तोंडानं गोड. बाप लहानपणीच गेलेला, आई यमुनाबाईनं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाढवलेला. होडी मोठी नव्हती. तो आणि गंगाराम नावाचा एक खलाशी, दोघंच जायचे. त्यांच्या वाडीतून आमचा खांब दिसत नाही, मध्ये डोंगराचं नाकाड येतं. म्हणून संदेश रोज सकाळी सासऱ्याला फोन करायचा.

"मामा, किती?"

"तीन."

फोन बंद. किंवा, "काय नाय." फोन बंद. एवढं कमी बोलून सासरा-जावयाचं इतकं छान जुळलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आत्माराम त्याला जा म्हणायचा नाही की जाऊ नको म्हणायचा नाही. आपण नंबर सांगायचा, जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, असं त्याचं म्हणणं. पण फोन ठेवल्यावर थोडा वेळ त्याच्या तोंडावर हसू असायचं. मुलगा नव्हता ना त्याला.

त्या वर्षी ऑक्टोबरात दर्या बिघडला. मासेमारी सुरू होऊन दोन-अडीच महिने झालेले, सुरमई लागायचे दिवस, आणि आमच्या समोरच कमी दाबाचं काहीतरी तयार होऊन बसलं. तीन नंबर लागला तो उतरेचना. आठवडाभर वारा, मध्येच सरी, खाडीत होड्या एकमेकींना घासत उभ्या. मोबाईलवर मेसेज यायचे, जाऊ नका, जाऊ नका. पहिले दोन दिवस लोकांनी वाचले. मग कुणी उघडूनही बघेना, रोज तेच तर असायचं. माणसं कंटाळली, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून एकमेकांना खेकसायला लागली. दिवाळी तोंडावर आली होती.

मग एका सकाळी वारा पडला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. मी दुकानाची फळी काढत होतो तर समोर आत्माराम खाकी शर्टात, अनवाणी. त्यानं तीन उतरवला. मला वाटलं सुटलो. पण तो आत गेला, दुसरे आकार घेऊन आला आणि वर चढवले. मी मान वर करून पाहिलं आणि ओरडलो, "दोन काय?"

यावेळी त्यानं उत्तर दिलं. दोरी बांधून झाली होती म्हणून असेल. "दोन. उतरतोय, शेट."

तो चहाला माझ्याकडे आला तेवढ्यात फोन वाजला. मी समोरच होतो.

"मामा, किती?"

आणि त्या दिवशी आत्माराम नंबरापेक्षा जास्त बोलला. इतके दिवस पोर घरात अडकून पडलंय, सणाचे दिवस आहेत, आभाळ एवढं मोकळं आहे. जावयाला चांगली बातमी द्यायचा आनंद त्याला आवरला नाही. "उतरला रे! तिनाचा दोन झाला. आता काय नाय. जा तू."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी बारावीपर्यंत शिकलेला, रोज पेपर वाचणारा माणूस. मीसुद्धा तेच समजत होतो.

त्या दिवशी एकट्या संदेशनं होडी काढली असं कुणी म्हणेल तर ते धादांत खोटं. आमच्या जेटीवरून पाच-सहा होड्या गेल्या. कुणी खांबाकडे बघून, कुणी आभाळाकडे बघून. पण ते जवळपास जाळं टाकून दुपारपर्यंत परत आले. लाट बरोबर नाही म्हणाले. वारा नाही आणि लाट लांब, जड. संदेश सुरमईच्या आशेनं खोल गेला होता. संध्याकाळी तो आला नाही. फोन लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळीही आला नाही. मृणाली खाडी ओलांडून बापाकडे आली आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. आत्माराम तिच्याशेजारी बसला आणि तिला परत परत एकच सांगत राहिला, "दोनात काय होत नाय बाय. दोनात कधी काय झालंय? इंजिन बंद पडला असेल."

तिसऱ्या दिवशी गंगाराम सापडला. एका ट्रॉलरनं त्याला उचललं तेव्हा तो डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून होता. दवाखान्यात त्याच्या तोंडाला पाणी लावलं तर तो ओरडायचा. मी त्याला भेटायला गेलो होतो. तो म्हणाला, "शेट, वादळ वर आलाच नाय. नुसती त्याची कड लागली. होडी एकदा वळली आणि आडवी झाली. तांडेलान मला क्यान दिलान. म्हणाला, धर. तो दोरी कापायला गेला, परत वर आला नाय."

संदेश सापडला नाही. होडीची एक फळी खाली कुठेतरी किनाऱ्याला लागली, तिच्यावरचा निळा रंग माझ्याच दुकानातला होता.

नंतर जे झालं त्यानं माझं डोकं अजून फिरतं. पेपरात चार ओळी आल्या, धोक्याचा बावटा असतानाही होडी खोल दर्यात गेल्याचं समजतं. झालं. तेवढं लोकांना पुरलं. त्या दिवशी स्वतः होड्या काढलेले लोकसुद्धा माझ्या पायरीवर बसून म्हणायला लागले, "बावटा मोडून जायचा कशाला? हाव, दुसरं काय." मी एकाला सरळ विचारलं, "तू कुठं होतास रे त्या दिवशी, भजनाला?" तो उठून गेला. आमच्याकडे बावटा मोडून जाणारा माणूस म्हणजे वाईट माणूस. तो स्वतः बुडतो आणि बरोबरच्या खलाशाला बुडवतो. त्याच्याबद्दल लोक हळहळत नाहीत, त्याचं उदाहरण देतात. यमुनाबाई बाजारात बसायची बंद झाली. कुणीतरी तिच्या तोंडावर म्हणालं होतं की पोराला जरा वळण लावायचं होतंस. ज्या बाईनं पाटी वाहून पोर वाढवलं तिला हे ऐकावं लागलं.

मृणाली मात्र भांडायची. रडणं बाजूला ठेवून भांडायची. दारात आलेल्या प्रत्येकाला सांगायची, "बावटा उतरला होता. माझ्या बाबांनी स्वतःच्या हातानं उतरवला. ते बाबांना विचारून गेले होते." लोक हो हो म्हणायचे आणि रस्त्यावर आल्यावर मान हलवायचे. पोरीला काय, नवऱ्याची बाजू घेणारच. तिच्याकडे धरून राहायला ही एकच गोष्ट उरली होती, की तिचा नवरा विचारून गेला आणि तिचा बाप बावट्याच्या बाबतीत कधी चुकत नाही.

पंधरवड्यानं जिल्ह्याहून एक साहेब चौकशीला आला. तरुण होता, बोलायला सभ्य. आत्मारामनं मला कचेरीत बोलावून घेतलं. एकट्यानं बसायचा त्याला धीर होत नव्हता. त्यानं गुंडी गळ्यापर्यंत लावली होती.

साहेबानं विचारलं, "तीन उतरवून दोन लावलात. सकाळीच ना?"

"हुकूम आला तसा."

"म्हणजे धोक्याची सूचना वेळेवर दिली गेली होती."

"धोका उतरल्याची, साहेब," आत्माराम म्हणाला.

साहेबानं लिहिता लिहिता मान वर केली. "दोन नंबर म्हणजे काय, सांगा बघू."

"तिनाच्या खालचा."

साहेबानं पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता, लहान मुलाला सांगावं तसं त्यानं सांगितलं. "मामा, हे आकडे असे पायरीनं चढत नाहीत. एक आणि दोन हे लांबचे. तीन आणि चार हे बंदराचे. तीन म्हणजे खुद्द बंदरातच सोसाट्याचा वारा सुटायची भीती. दोन म्हणजे बंदराला भय नाही, पण दूर दर्यात वादळ तयार झालंय. जो बंदर सोडून बाहेर जाईल त्याला ते गाठेल. त्या दिवशी आपल्याजवळचं ते कमी दाबाचं क्षेत्र सरकून लांब गेलं आणि तिथं त्याचं चक्रीवादळ झालं. म्हणून इथला तीन उतरवला आणि दोन लावायला सांगितला."

आत्मारामनं विचारलं, "म्हणजे दोन, जाणाऱ्यालाच सांगतो?"

"हो. जाणाऱ्यासाठीच असतो तो."

"जाऊ नको म्हणून."

"हो."

बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. आत्माराम म्हणाला, "ह्या मला कुणी सांगितलान नाय."

"ते मी समजू शकतो," साहेब म्हणाला. आणि तो खरंच समजू शकत होता, मी त्याला दोष देत नाही. "तुम्ही काळजी करू नका. तुम्ही हुकमाप्रमाणे बावटा लावलात, त्यात कसूर नाही. मी तेवढंच लिहितो."

"आणि संदेशचं काय लिहिणार?"

साहेबानं खिडकीकडे बघितलं. "बावटा असताना होडी गेली, असंच येणार ना ते. तुम्ही बोलला असाल त्याच्याशी, ते घरचं बोलणं. ते इथं यायची गरज नाही. उद्या सकाळी मी परत येतो, तेव्हा सही करा."

साहेब गेला. आत्माराम खुर्चीतच होता. मी त्याला आमच्या घरी नेलं, चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. तेव्हा मी त्याला जे सांगितलं ते मला आजही चूक वाटत नाही. मी म्हणालो, "गप्प बस. अर्ध्या बंदराला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, तुला कुठून असणार? संदेश गेला, तो काही परत येत नाही. मृणालीकडे आता तू एकटा आहेस. तिला हे कळलं तर तिच्याकडे तेही राहणार नाही. सही कर आणि मोकळा हो."

तो म्हणाला, "यमुनाबाय तोंड झाकून चालतात, शेट."

"चालू दे चार दिवस. लोक विसरतात."

"लोक विसरतील," तो म्हणाला. "त्या कशा विसरतील? मेलेल्या पोराला त्या मनातल्या मनात शिव्या घालतात. विमलानं आपल्या कानांनी ऐकलान."

मी चिडलो आणि चिडून दुकानात निघून आलो. कुणाचं खरं असलं की मला राग येतो, माझा स्वभावच तसा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी संदेशची क्रिया होती. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात. गुरुजींनी तो दिवस काढून दिला होता. मी तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, पलीकडे गेलो. माझ्याबरोबर आत्माराम आणि विमला. कचेरीत साहेब वाट बघत असेल हे मला आठवत होतं, आत्मारामलाही आठवत असणार, पण तो पाण्याकडे बघत बसला होता. त्यानं आज खाकी शर्ट घातला नव्हता.

अंगणात पुतळा तयार होता. त्याला धोतर गुंडाळलेलं, डोक्याच्या जागी नारळ. यमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. गंगाराम कोपऱ्यात उभा होता. मृणाली पुतळ्याच्या पायांशी. वाडीतली माणसं जमली होती, आणि जमल्यावर जसं होतं तसं हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. त्यात कुणीतरी बोललंच, "बावटा मानला असता तर..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं, पण जे ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं.

मृणाली गर्रकन वळली. "कितीदा सांगू? बावटा उतरला होता! बाबा, तुम्हीच सांगा यांना एकदा."

आत्माराम पुढे झाला. पायांतल्या चपला त्यानं काढल्या. तो यमुनाबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"बावटा उतरला नव्हता," तो म्हणाला. "तीन काढून दोन लावला होता. दोन म्हणजे लांब वादळ झालाय, बाहेर जाऊ नका. ह्या मला ठाऊक नव्हता. मला काल कळला. मला वाटला, दोन म्हणजे कमी. संदेशनं मला फोन करून विचारलान. मी त्याला सांगितला, उतरला, आता काय नाय, जा. मी जा म्हटला म्हणून तो गेला. तुमचा पोर बावटा मोडून गेला नाय, यमुनाबाय. ह्या मी साहेबाला लिहून देणार हाय."

गंगाराम कोपऱ्यातून म्हणाला, "खरा हाय. मी होडीत फोन ऐकलाय."

यमुनाबाईनं पदर मागे घेतला. मला वाटलं आता ती त्याच्या अंगावर जाईल, आणि गेली असती तर कुणी तिला धरलं नसतं. पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती पुतळ्याकडे बघत म्हणाली, "विचारून गेला होता गो माझा बाबू. विचारून गेला होता." तेच ती म्हणत राहिली. तिनं हात जोडले, पुतळ्याला की आत्मारामला, ते मला समजलं नाही. बाकीची माणसं जमिनीकडे बघत होती. त्यांच्यातल्या एकालाही दोन म्हणजे काय ते आजपर्यंत माहीत नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मृणाली जागची हलली नव्हती. इतके दिवस जी गोष्ट तिला सगळ्यांकडून कबूल करून घ्यायची होती ती आता कबूल झाली होती, नवरा निर्दोष ठरला होता, आणि ती बापाकडे ओळख नसल्यासारखी बघत होती. विमलानं तिचा हात धरायला बघितला, तो तिनं सोडवून घेतला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मग इतकी वर्षं तुम्ही तिथं काय चढवत होतात?"



"नंबर," आत्माराम म्हणाला. "नंबर चढवत होतो, बाय."

गुरुजींनी पुतळा उचलायला सांगितला. मृणालीनं पुढे होऊन वाट करून दिली. त्यानंतर तिनं बापाला आजतागायत काही विचारलेलं नाही.